ऑगस्ट सोड, नोव्हेंबरचं मापून ठरवू

ताई, मी १९ वर्षांची आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका मंडळाकडून कबड्डी खेळते, चढाई करते. जानेवारीत बोनस करून मागे वळताना उजवा गुडघा फिरला. कुणी हातसुद्धा लावला नव्हता. 'कट्' असा आवाज आला. लचकला म्हणून आधी तेल लावून चोळून घेतला, नंतर एमआरआय केला तेव्हा एसीएल, म्हणजे गुडघ्यातली हाडं बांधून ठेवणारं आतलं लिगामेंट, तुटल्याचं कळलं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं. मांडीच्या मागची शीर घेऊन लिगामेंट बनवलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. दीड महिना फिजिओथेरपी केली, पण जाणं-येणं आणि फी परवडेना म्हणून बंद केली. आता मोबाईलवर बघून घरीच करते. पाच महिने झाले. गुडघा अजिबात दुखत नाही, पळतेसुद्धा. ऑगस्टमध्ये आमच्याच मंडळाची स्पर्धा आहे. सर म्हणतात, नी कॅप घालून दोन-चार चढाया कर, दुखलं तर इंजेक्शन आहेच. विनेश फोगट आठ महिन्यांत ऑलिम्पिकच्या पात्रतेला उतरली, तू तर गावात खेळणार. डॉक्टर म्हणतात नऊ महिने. नोव्हेंबरमध्ये जिल्ह्याची निवड चाचणी आहे आणि कुमारी गटातलं माझं हे शेवटचं वर्ष. वजनात बसायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडलंय. आणखी एक, त्या पायावर वळायचं म्हटलं की भीती वाटते. हे कुणाला सांगितलेलं नाही. काय करू?
– एक चढाईपटू

ऑगस्टमध्ये उतरू नकोस. दोन चढायांसाठी नाही, एका चढाईसाठीही नाही. नोव्हेंबरचा दरवाजा मात्र अजून उघडा आहे. आज मी तुला 'हो' म्हणणार नाही आणि 'नाही'ही म्हणणार नाही. तो निर्णय कशावर घ्यायचा, ते सांगते.

तुझा सगळा भरवसा 'दुखत नाही' या दोन शब्दांवर आहे. ते खरंच असणार. पण ऑपरेशननंतर जे दुखत होतं ते टाक्यांचं, सुजेचं आणि लिगामेंट ओवायला हाडात पाडलेल्या भोकांचं होतं. ते चार-पाच महिन्यांत शमतंच. नवं लिगामेंट तयार झालं की नाही, हे दुखण्यावरून कळत नाही. मांडीमागून काढलेली ती शीर, म्हणजे रक्ताची नव्हे तर स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, गुडघ्यात बसवली तेव्हा तिचा रक्तपुरवठा तुटलेला होता. आधी तिच्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात आणि तिचे धागे हळूहळू लिगामेंटसारखे रचले जातात. भाताची लावणी केल्यावर रोपं काही दिवस पिवळी पडतात, मग मूळ धरतात, तसंच काहीसं. फरक इतकाच की रोप आठवड्या-दोन आठवड्यांत सावरतं आणि हिला वर्ष लागतं, कधी त्याहून जास्त. साधारण दीड ते तीन महिन्यांच्या काळात ती सगळ्यात कमकुवत असते. त्या काळातून तू सुखरूप बाहेर आलीस, हे चांगलं झालं. पण पाचव्या महिन्यात ती पूर्ण तयार झालेली नाही, मग तुला कितीही बरं वाटो.

डॉक्टरांनी 'नऊ' हा आकडा हवेतून काढलेला नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एसीएलचं ऑपरेशन झालेल्या १०६ खेळाडूंवर दोन वर्षं लक्ष ठेवलं. त्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. झटकन वळण्याच्या, उड्या मारण्याच्या खेळात परतायला नवव्या महिन्यापर्यंत जितका उशीर केला, त्यातल्या प्रत्येक महिन्यामागे गुडघ्याला पुन्हा इजा होण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटत गेलं. नऊ महिन्यांनंतर आणखी थांबून तसा फायदा दिसला नाही. म्हणजे ऑगस्ट ते नोव्हेंबर हे तीन महिने तुझ्यासाठी सगळ्यात मोलाचे आहेत, आणि नेमके तेच सर खर्चायला निघालेत.

तुझं वयही लक्षात घे. पंचविशीच्या आतले जे खेळाडू या ऑपरेशननंतर मैदानात परततात, त्यांच्यात दर चौघांमागे जवळपास एकाचं एसीएल पुन्हा तुटतं. कधी ऑपरेशन झालेल्या गुडघ्याचं, कधी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचं. या दुसऱ्या गुडघ्याचं कुणी सांगत नाही. सगळी काळजी उजव्याची चाललेली असते आणि जातो डावा, कारण कितीतरी महिने नकळत सगळा भार त्याच्यावर टाकलेला असतो.

आता विनेश. तिच्या गुडघ्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बिश्केकला ती ऑलिम्पिकसाठी पात्र ठरली, हे खरं आहे. सरांचं गणित बरोबर आहे, पण ते आठ महिन्यांचं. तुला ते सहाव्या महिन्यात उतरवतायत! शिवाय त्या आठ महिन्यांत तिच्या दिमतीला कोण कोण होतं आणि तुझ्याकडे दीड महिन्याची फिजिओथेरपी नि एक मोबाईल आहे, याचा हिशेब कुणी केला? बॅडमिंटनची कॅरोलिना मारिनही २०१९ मध्ये उजव्या गुडघ्याच्या एसीएलनंतर आठ महिन्यांत परतली आणि आल्या आल्या चायना ओपन जिंकली. ते सगळ्यांना माहीत असतं. २०२१ मध्ये तिचा डावा गुडघा गेला, टोकियो हुकलं, आणि २०२४ मध्ये पॅरिसच्या उपांत्य फेरीत आघाडीवर असताना पुन्हा उजवा गेला, हे त्याच गोष्टीत कुणी जोडत नाही. लवकर परतल्यामुळेच तसं झालं, असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण एखाद्याचं उदाहरण द्यायचं तर ते अर्धं देऊ नये.

इथपर्यंत वाचून तुला वाटेल, चला, नोव्हेंबरपर्यंत कळ काढली की झालं. तसंही नाही. नऊ महिने खाटेवर बसून काढले तरी कॅलेंडरवर नऊच भरतात. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि माझ्या मते तोच जास्त महत्त्वाचा. मैदानात परतण्याआधी ताकदीच्या आणि उडीच्या ठरलेल्या चाचण्या जे पास झाले होते, त्यांच्यापैकी साधारण साडेपाच टक्क्यांना पुन्हा इजा झाली. चाचण्या पास न होताच जे परतले, त्यांच्यात हे प्रमाण ३८ टक्के होतं. त्या चाचण्यांमध्येही मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद हा कळीचा मुद्दा ठरला. तू पाच महिने झाले म्हणून लिहिलंस, पण उजव्या पायात ताकद किती आली हे तुझ्या पत्रात कुठेच नाही. दीड महिन्यानंतर कुणी मापलंच नसावं.

तर आधी मापू. घरात शिवणकामाचा टेप असेल. पाय सरळ ठेवून बस, मांडी सैल सोड. गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेपासून दहा सेंटिमीटरवर पेनाने खूण कर आणि तिथे दोन्ही मांड्यांचा घेर माप. उजवी एक-दोन सेंटिमीटरने बारीक निघाली तर दचकू नकोस, पाचव्या महिन्यात बहुतेकांची निघते. नुसत्या घेरावरून ताकद कळत नाही, पण काम किती बाकी आहे याचा अंदाज येतो. मग साधी, हात नसलेली खुर्ची घे. हात छातीशी बांधायचे, एका पायावर उठायचं, त्याच पायावर सावकाश बसायचं. आधी डावा, मग उजवा. किती वेळा जमतं ते मोज. डाव्याने पंचवीस आणि उजव्याने नऊ, असं काही निघालं तर ऑगस्टच्या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्याशिवायच मिळेल. दोन्ही पायांनी विसाच्या पुढे जायला हवं. मोजताना बहिणीला समोरून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायला सांग. त्यात गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आत पडतो, ते बघ. जानेवारीत वळताना तो बहुतेक असाच आत पडला असणार.

खरी मोजणी मात्र जिममध्ये. तालुक्याच्या गावातल्या साध्या जिममध्येही लेग एक्स्टेन्शनचं मशीन असतं. फिजिओला विचारून, एकेका पायाने, गुडघा काटकोनापासून अर्ध्यापर्यंत सरळ करत, दहा वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन शोध. डाव्याने २० किलो उचलत असशील तर उजव्याने १८ तरी उचलता आले पाहिजेत, म्हणजे नव्वद टक्के. त्याखाली असेल तर उड्या, वळणं, चढाई या सगळ्या गोष्टी अजून दूर आहेत. एका पायाची लांब उडी ही दुसरी चाचणी आहे, तिथेही नव्वद टक्केच लागतात. पण निव्वळ उडीवर विश्वास ठेवू नकोस. उडीत माणूस कंबर आणि घोटा वापरून गुडघ्याचं काम चुकवतो. अंतर दोन्ही पायांचं सारखं भरतं आणि मांडीचा स्नायू कमकुवतच राहतो. माझ्याकडे येणाऱ्या खेळाडूंमध्ये हे सर्रास दिसतं. घरच्या अंगणात आज उडी मोजायला जाऊ नकोस. सूज शून्य, गुडघा डाव्याइतका पूर्ण सरळ आणि ताकद पुरेशी झाली, की मगच, आणि पहिल्यांदा फिजिओसमोर.

फिजिओ परवडत नाही हे मला समजतं. पण आठवड्यातून तीनदा जायची आता गरजच नाही. महिन्यातून एकदा मापून घ्यायला आणि पुढच्या महिन्याचे व्यायाम लिहून आणायला जा. सरकारी रुग्णालयांच्या फिजिओथेरपी विभागात किंवा फिजिओथेरपी कॉलेजच्या ओपीडीत फी अगदी किरकोळ असते. ऑपरेशनचे कागद बरोबर ने.

मोबाईलवर बघून तू नेमकं काय करतेस ते लिहिलेलं नाहीस, पण ओळखू शकते: पाय सरळ उचलणं, टॉवेल दाबणं, रबर बँड. ते पहिल्या दोन महिन्यांचं झालं. आता वजन उचलायचं. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस विश्रांती. स्क्वॉट, एक पाय मागे बाकावर ठेवून केलेला स्क्वॉट, पायरीवरून एका पायाने सावकाश खाली उतरणं, लेग प्रेस, टाचा उचलणं. सहा ते दहा वेळांतच पाय थकेल इतकं वजन हवं. जिम नसेल तर पाठीवरच्या दप्तरात वाळूच्या पिशव्या भर. आणि मांडीच्या मागची बाजू विसरू नकोस, शीर तिथूनच काढली आहे. उताणं झोपून टाच बाकावर ठेवून कंबर उचलणं, आधी दोन पायांनी, मग एका. ही बाजू कच्ची ठेवून कुणी एकदम जोरात पळायला गेलं तर तिथेच स्नायू ओढला जातो, आणि मग गुडघा राहिला बाजूला, महिनाभर मांडी धरून बसावं लागतं.

जास्त झालं की कमी, हे गुडघाच सांगतो, पण दुसऱ्या दिवशी सकाळी. उठल्यावर वाटीच्या दोन्ही बाजूंचे खळगे बघ. डाव्यासारखे दिसले तर ठीक. उजवीकडचे भरलेले दिसले, वाकवताना ताण वाटला, तर कालचं वजन किंवा पळणं जास्त झालं. बर्फ लाव, दोन दिवस कमी कर, मग पुन्हा थोडं वाढव. व्यायाम करताना थोडंफार दुखलं तर घाबरायचं कारण नाही. सूज आली तर मात्र थांबायचं.

आता तुझ्या खेळाकडे येते. बोनस कसा मिळतो? एक पाय रेषेपलीकडे टेकला त्या क्षणी दुसरा हवेत असावा लागतो. म्हणजे सगळं अंग एका पायावर, पुढे झुकलेलं, समोर कोपरारक्षक झेपावायच्या तयारीत, आणि त्याच पायावर जोर देऊन तुला मागे फिरायचंय. त्यात मॅट आणि बूट. मातीवर अनवाणी पाय थोडा तरी सरकतो, मॅटवर बूट जागच्या जागी चिकटतो. अंग फिरतं, पाऊल फिरत नाही, मधला गुडघा तो पीळ सोसतो. तुझं एसीएल कुणी हात न लावता तुटलं याचं तुला नवल वाटलं, पण अशा बहुतेक इजा धक्क्याशिवायच होतात. आणि त्याच खेळात मुलांपेक्षा मुलींना त्या जास्त होतात.

म्हणून तुला वळायला नव्याने शिकावं लागेल. थांबताना एकच लांब ढांग टाकायची नाही, दोन-तीन छोट्या पावलांत वेग मारायचा. गुडघा सरळ ठेवून पाय टेकवायचा नाही, वाकवून टेकवायचा. छाती ज्या बाजूला वळते त्याच बाजूला पाऊलही उचलून वळलं पाहिजे. फुटबॉलवाल्यांचा 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. त्यात तोल, उतरणं, वळणं सगळं आहे आणि मुलींच्या संघांत त्याने इजा कमी झाल्याचं दिसलं आहे. तुमच्या मंडळातल्या सगळ्याच मुलींनी तो रोज करावा. खर्च शून्य.

ताकद नव्वद टक्क्यांवर पोचली की चढाई अशी सुरू कर. आधी रिकाम्या मैदानावर, निम्म्या वेगाने, दम न धरता. मग आधीच ठरवलेल्या ठिकाणी वळायचं. मग सर हात दाखवतील त्या बाजूला वळायचं, कारण सामन्यात आपण कुठे वळणार हे आपल्याला आधी माहीत नसतं आणि गुडघे तिथेच जातात. त्यानंतर बचाव उभा करायचा, पण पकड करायची नाही. मग कंबरेची पकड, हळू. मांडी आणि घोट्याची पकड सगळ्यात शेवटी. एकेका पायरीला निदान आठवडा-दीड आठवडा दे, आणि सकाळचा गुडघा साफ असेल तरच पुढची पायरी. एकूण दोन महिने गेले असं धर. म्हणजे सप्टेंबरच्या सुरुवातीला ताकद आली नाही तर नोव्हेंबर गाठता येणार नाही, हेही तुला तेव्हाच कळेल. निवड चाचणीच्या आदल्या रात्री रडत बसण्यापेक्षा ते बरं.

रात्रीचं जेवण आजच सुरू कर. यावर मी चर्चा करणार नाही. मांडीचा स्नायू परत आणायचाय आणि तू त्याचं खाणं तोडतेयस. तुझ्यासारख्या खेळणाऱ्या मुलीला दिवसाला नव्वद-शंभर ग्रॅम प्रथिनं लागतील. दोन-तीन अंडी, अर्धा लिटर दूध, दोन वेळा घट्ट डाळ किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, दही, आणि घरात चालत असेल तर चिकन किंवा मासे, एवढ्यात ते बऱ्यापैकी भरतं. पावडरचे डबे नकोत, विशेषतः जिममधला कुणी 'इंपोर्टेड आहे' म्हणून देत असेल तो तर नकोच. त्यात काय मिसळलंय ते त्यालाही माहीत नसतं, आणि उत्तेजक चाचणीत अडकशील ती तू. आणखी एक विचारते, उत्तर मला कळवायची गरज नाही. पाळी वेळेवर येते का? दोन-तीन महिने चुकली असेल तर ती 'खेळाडूंची नेहमीची गोष्ट' समजून सोडू नकोस. शरीराला खाणं पुरत नाही याची ती खूण असते, आणि त्यात हाडंही कमजोर होतात. डॉक्टरांना दाखव. वजनाचं म्हणशील तर ते ऑक्टोबरमध्ये पाहू, आणि तेही फिजिओ किंवा आहारतज्ज्ञाला विचारून.

भीतीबद्दल तू शेवटी, एका ओळीत लिहिलंस. मला वाटतं पत्रातली सगळ्यात खरी ओळ तीच. ती भित्रेपणातून आलेली नाही. तुटलेल्या एसीएलमध्ये गुडघा कुठे आहे, किती वळलाय हे मेंदूला कळवणाऱ्या संवेदना होत्या, त्या गेल्या. त्या पायाकडून मेंदूला पूर्वीसारखी खबर मिळत नाही आणि ताकदही कमी आहे, मग तो बिचकणारच. 'मन घट्ट कर' वगैरे सांगून हे जात नाही. एका पायावर डोळे मिटून तोल धरणं, मग उतरणं, मग वळणं, अशा शंभर छोट्या गोष्टी नीट पार पडल्या की ते आपसूक कमी होतं. नोव्हेंबरमध्ये सगळे आकडे जमले आणि तरीही त्या पायावर वळताना पोटात गोळा आला, तर चाचणी पास झाली असं मी मानणार नाही. अर्धवट मनाने वळणारा खेळाडू उशिरा वळतो, आणि कोपरारक्षकाला तेवढंच हवं असतं. हे आईला किंवा संघातल्या एखाद्या मैत्रिणीला सांगून टाक.

सरांचं काय करायचं? ते तुझं वाईट चिंतत नाहीत, त्यांना त्यांची चढाईपटू हवी आहे. पण दुखणं मारणारं इंजेक्शन घेऊन या गुडघ्यावर खेळायचं नाही, कुठल्याही परिस्थितीत नाही. आणि नी कॅपने गुडघा ऊबदार राहतो, धीर येतो, आतलं लिगामेंट वाचत नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. वडिलांना सोबत घेऊन जा आणि म्हण, "सर, ऑगस्टला मी बाहेर बसून गुण लिहिते, नवीन मुलींच्या चढाया बघते. नोव्हेंबरसाठी मला तुमची मदत लागेल, वळणाचा सराव तुम्हीच घ्यायचा." जबाबदारी दिली की बहुतेक सर वेगळं बोलायला लागतात. तरीही नाही ऐकलं तर डॉक्टरांकडून 'नऊ महिन्यांपर्यंत सामने नाहीत' असं लेखी आण. कागद दाखवला की गावात पुढे कुणी फारसं बोलत नाही.

आणि नोव्हेंबर हुकलाच तर? कुमारी गट गेला, हे नुकसान खरं आहे, मी ते लहान करून सांगणार नाही. पण त्यापुढे महिला गट आहे, आणि तिथे तुला पुढची दहा वर्षं खेळायचंय.

या रविवारी टेप आणि खुर्ची, एवढंच कर. दोन्ही पायांचे आकडे वहीत तारखेसह लिही, दर पंधरा दिवसांनी पुन्हा मोज. फिजिओकडे जाशील तेव्हा ती वही ने आणि दोनच प्रश्न विचार: माझी उजव्या मांडीची ताकद डाव्याच्या किती टक्के आहे, आणि माझा गुडघा डाव्याइतका पूर्ण सरळ होतो का?